परदेशी निघालेल्या मोठ्यांचा इंग्रजी वर्ग : सांगलीतल्या नोंदी

९ जून

वर्ग सुरू झाला. विश्रामबागेत एका वाचनालयाची मागची खोली मिळालीय, महिना १५०० रुपये, वीज त्यातच. एरवी मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. हा वर्ग मोठ्यांचा, आणि तोही एबीसीडीपासून. अट एकच ठेवली : माणूस वर्षभरात परदेशी निघालेला हवा, नाहीतर परदेशातल्या माणसाशी त्याचं रोजचं काम पडणारं हवं. नुसतं ‘इंग्लिश सुधारायचंय’ म्हणणाऱ्यांना परत पाठवलं, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली क्लास आहेत. फी महिना ५०० रुपये. दुसऱ्या कुणाला असा वर्ग काढायचा झाला तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवतेय. खर्च आणि फसलेलं, दोन्ही लिहीन.

आलेली मंडळी अशी. माधवनगरचं एक जोडपं, काका आणि मावशी, मुलीच्या बाळंतपणासाठी दिवाळीत न्यू जर्सीला जाणारं. कुपवाड एमआयडीसीतला एक वेल्डर, मस्कतची ऑफर हातात असलेला. दुबईला जाऊ बघणारा एक ड्रायव्हर. मिरजेहून सतार करणारे चाचा, ज्यांची काही गिऱ्हाइकं थेट युरोपातली. कवलापूरची एक मुलगी, लग्न झालेली, नवरा इंग्लंडात लेस्टरला, व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. आणि तिला सोबत म्हणून आलेली तिची चुलत जाऊ, जिला कुठंच जायचं नाही. म्हणजे अट पहिल्याच दिवशी मोडली. पुढं या वहिनींचाच सगळ्यांत जास्त उपयोग झाला.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी पाचवीत एबीसीडी. सातवीत शाळा सोडलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या वाट्याला इंग्रजीची जेमतेम तीन वर्षं आली, तीही सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायची. यांची पाटी कोरी नाही, कुणीतरी लिहून अर्धवट पुसलेली आहे. कोरी परवडली असती.

१२ जून

पुस्तकं बाद. सगळ्यांसाठी एकसारखं ‘इंग्रजी बोला’ छापाचं पुस्तक घेतलं होतं, १८० रुपयांना एक. पहिल्या धड्यात पेन, टेबल, मांजर. मावशींनी तीन वाक्यं म्हटली आणि पुस्तक मिटून ठेवलं. “बाई, तिथल्या सायबाला मी पेन कशाला दाखवू? पेन त्याला दिसतोय की.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. लहान मूल ‘हा पेन आहे’ हे निमूट म्हणतं, कारण त्याला शाळेत बसायचंच असतं. पन्नाशीचा माणूस दिवसभराचं काम आटोपून, चपला काढून खाली बसतो आणि मनात हिशोब मांडतो, याचा मला उपयोग काय. उपयोग दिसला नाही तर तो वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढंच.

१८ जून

लिपीचं ठरवलं : फक्त कॅपिटल. पासपोर्टवरचं नाव कॅपिटलमध्ये, फॉर्म कॅपिटलमध्ये भरायचे, विमानाच्या तिकिटावरचं नावही तसंच. बारक्या लिपीत बी आणि डी, पी आणि क्यू यांचा गोंधळ सोडवण्यात दोन आठवडे गेले असते, तेही ज्यांना महिन्याला मोजकेच तास मिळतात त्यांचे. व्हॉट्सअॅपवर बारकी लिपी हळूहळू डोळ्यांखालून जातेच, ती मुद्दाम शिकवणार नाही.

शब्द वाचण्याआधी स्वतःचं नाव. लिहायला नव्हे, तोंडानं एकेक अक्षर सांगायला. काउंटरवरचा माणूस मराठी आडनाव ऐकून लिहू शकत नाही, स्पेलिंग विचारणारच. इथं एक जुनी अडचण लगेच वर आली : ‘ए’ म्हणताना काकांच्या मनात ‘अ’ असतो, ‘ई’ म्हणताना ‘इ’ की ‘ए’ हे दर वेळी वेगळं. ‘जी’ आणि ‘जे’ तर सगळेच उलटे सांगतात. प्रत्येकाचं नाव मोठ्या कार्डावर लिहून दिलं आणि रोज येताना दारात स्पेलिंग सांगूनच आत यायचं, असा नियम केला. पहिले दोन दिवस हसाहशी झाली, मग सवय लागली.

पासपोर्टवरच्या रकान्यांवरही वेळ गेला. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी रीत. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि बाकीची दोन्ही नावं ‘गिव्हन नेम’मध्ये. ‘फर्स्ट नेम’ विचारल्यावर मावशींनी नवऱ्याचं नाव जोडून सांगितलं तर ते चूक नाही, कारण कागदावर तसंच आहे. मुलांच्या व्याकरणात ही असली गोष्ट कधी येत नाही.

२७ जून

आजचा तास लिहून ठेवण्यासारखा.

काकांना ‘व्हेअर इज द टॉयलेट?’ आठवडाभर घोटून घेतलं होतं. छान जमलं. उच्चार ठीक, आवाज मोठा, चेहऱ्यावर आत्मविश्वास. मग मी काउंटरवरची बाई झाले आणि तिथली बाई जसं बोलेल तसं एका दमात उत्तर दिलं : “इट्स ऑन युवर लेफ्ट, राइट नेक्स्ट टु द एलिव्हेटर.”

काका “थँक यू” म्हणाले, वळले आणि उजवीकडे चालू लागले. पुस्तकांच्या रॅकपाशी जाऊन थांबले.

लेफ्ट त्यांनी ऐकलं होतं. पण त्यामागोमाग ‘अगदी शेजारी’ या अर्थाचं राइटही ऐकलं, आणि शेवटी ऐकलेलं खरं मानलं. एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट हे ठाऊक नव्हतं, त्यामुळं उरलेल्या वाक्याचा आधार नाही. आणि समोरच्यानं काहीतरी सांगितलंय तर आपल्याला कळलंच पाहिजे, परत विचारणं बरं दिसत नाही, म्हणून “थँक यू” म्हणून मोकळे.

तीन आठवडे मी प्रश्न शिकवत होते. प्रश्न पाठ होतो. प्रश्न विचारला की समोरचा बोलू लागतो, आणि तिथून पुढं आमच्याकडं काहीच नाही. उलट प्रश्न जितका सफाईनं विचारावा तितका समोरचा जोरात सुटतो, त्याला वाटतं याला येतंय.

३० जून

क्रम उलटा केला. आधी ऐकणं, मग बोलणं. आणि त्याच्याही आधी, समोरच्याला थांबवणं.

थांबवायची चारच वाक्यं घेतली. ‘सॉरी?’, ‘स्लोली, प्लीज’, ‘शो मी, प्लीज’ आणि चौथं वाक्यच नाही : जो शब्द कळला तो प्रश्नासारखा परत म्हणायचा. “लेफ्ट?” समोरचा “येस, लेफ्ट” म्हणतो आणि हात दाखवतो. हे चौथं सगळ्यांत उपयोगी, आणि शिकवायला सगळ्यांत अवघड. कारण इथं कळलं नाही हे कबूल करावं लागतं. काका म्हणाले, “आसं मधीच तोडायचं म्हंजे उद्धटपणा न्हाई का?” मोठ्या माणसांच्या बोलण्यात मध्ये पडू नये हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांना चाळीस वर्षांनी ते मोडायला सांगतेय. म्हणून रोज पहिली दहा मिनिटं मी मुद्दाम भरभर, कुणाला कळणार नाही असं बोलते आणि मला थांबवायचं. जो थांबवणार नाही त्यानं त्या दिवशी चहा आणायचा.

दुसरा नियम माझ्यासाठी : ज्या प्रश्नाची चार-पाच संभाव्य उत्तरं ऐकवलेली नाहीत, तो प्रश्न शिकवायचा नाही.

८ जुलै

ऐकवायचं तर कुणाचा आवाज? माझ्या आवाजाची त्यांना सवय झालीय, आणि मी शेवटी सांगलीचंच इंग्रजी बोलते. माझी एक जुनी विद्यार्थिनी टेक्सासमध्ये असते. तिनं ऑफिसातल्या दोघांना सांगून, विचारून, प्रत्येक प्रश्नाची चार-चार उत्तरं रेकॉर्ड करून पाठवली. कवलापूरच्या मुलीच्या नवऱ्यानं लेस्टरहून घरमालकाची आणि शेजारच्या दुकानदाराची पाठवली. ब्ल्यूटूथ स्पीकर ११५० रुपये. यातला एकही रुपया वाया गेला नाही.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा खोलीत शांतता. ड्रायव्हर म्हणाला, “ह्ये विंग्रजी न्हाई मॅडम.” त्याचं चुकलं नव्हतं. अमेरिकन माणसाचं ‘वॉटर’ आपल्या कानाला वॉडर येतं, ‘ट्वेंटी’ ट्वेनीसारखं येतं, ‘हाउ लाँग आर यू’मधला ‘आर’ जवळजवळ गायब. आपण प्रत्येक अक्षर पुरतं म्हणतो, ते दोन शब्द धडपणे म्हणतात आणि बाकीचे गिळतात. मग हे धड म्हटलेले दोनच पकडायचे, असा खेळ लावला. ‘लाँग’ आणि ‘स्टे’ ऐकू आलं की किती दिवस राहणार हे विचारतोय. मधलं गेलं तर जाऊ दे.

लेस्टरच्या दुकानदाराच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मी डक’ येतं. तिकडं इंग्लंडच्या मध्यभागात प्रेमानं तसं म्हणतात, आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. आणि भेटल्या भेटल्या ‘यू ऑलराइट?’. हे ऐकून आमच्या कवलापूरच्या मुलीनं आजारी नसल्याचा लांबलचक खुलासा तयार केला होता. ‘येस, यू?’ एवढं पुरतं.

१५ जुलै

ड्रायव्हर यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणे गाडी असते. खरं कारण दुसऱ्यानं सांगितलं : वाचनालयाच्या खिडकीतून माझ्या शिकवणीच्या पोरांनी बघितलं, त्यात त्याच्या मुलीच्या वर्गातली होती. “तुझे पप्पा एबीसीडी शिकतात.” संपलं.

खिडकीला जुनी साडी लावली. ड्रायव्हर परत आला नाही. सांगलीसारख्या गावात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, तेव्हा हे काम वर्ग सुरू करण्याआधी करायचं. शक्य असेल तर खोलीही स्वतःच्या शिकवणीपासून लांब घ्यावी.

आणखी दोन बदल. संध्याकाळी साडेसातला बायकांना जमत नाही, स्वयंपाकाची वेळ. त्यांचा वर्ग दुपारी अडीचला केला, म्हणजे माझे तास वाढले आणि फी तेवढीच. दुसरं, जोडप्याला वेगळं केलं. मी मावशींना विचारलं की काका उत्तर द्यायचे, आणि मावशीही त्यांच्याकडं बघायच्या. दुपारच्या वर्गात एकट्या बसल्यावर कळलं, मावशींचा कान काकांपेक्षा तयार आहे.

२२ जुलै

कवलापूरच्या मुलीचे कागद पाहिले आणि डोकं फिरलं. तिच्या सासरच्यांनी एका एजन्सीला पैसे भरलेत. तिथं तिच्याकडून चार महिने निबंध लिहून घेतलेत, आलेखाचं वर्णन करून घेतलंय, उतारे सोडवून घेतलेत. म्हणजे कॉलेजला जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेची तयारी.

ब्रिटनमध्ये नवऱ्याकडं जाणाऱ्या बायकोला, किंवा बायकोकडं जाणाऱ्या नवऱ्याला, इंग्रजीची अट नोव्हेंबर २०१० पासून आहे. पहिल्या व्हिसासाठी पातळी लागते ए-१, म्हणजे सगळ्यांत खालची, आणि तीही फक्त बोलणं आणि ऐकणं. लिहिणं-वाचणं त्यात नाही. त्यासाठी आयईएलटीएसचीच ‘लाइफ स्किल्स’ नावाची वेगळी परीक्षा असते, सोळा ते अठरा मिनिटांची. निकाल पास किंवा नापास, गुण नाहीत. नेहमीची आयईएलटीएस वेगळी, आणि ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या यादीतली परीक्षा मान्य केंद्रावरच द्यावी लागते. अडीच वर्षांनी व्हिसा वाढवताना ए-२ लागते, ते पुढचं पुढं. ही सगळी माहिती ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आहे. एजन्सीकडं जाण्याआधी ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी.

एजन्सीचे पैसे परत मिळणार नाहीत. सासरे म्हणाले, “आता भांडून काय उपयोग.” मला भांडावंसं वाटत होतं, पण पैसे त्यांचे.

या परीक्षेत दोन परीक्षार्थी एकत्र बसतात आणि एकमेकांशी बोलतात. म्हणजे सराव माझ्याशी करून चालणार नाही, मी सावरून घेते. तिच्याच पातळीचा माणूस हवा. इथं वहिनी कामी आल्या. कुठंच न जाणाऱ्या वहिनी रोज तिला विचारू लागल्या : सुट्टीत काय करतेस, काय आवडतं, का आवडतं. वहिनी मुद्दाम मधेच गप्प बसायच्या, कारण परीक्षेतला जोडीदार घाबरून गप्प बसला तर काय करायचं, हाही सराव हवाच होता. ही कल्पना वहिनींचीच.

५ ऑगस्ट

चाचांनी वर्ग सोडला, आणि बरोबर केलं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून विचारणा वाढल्याचं ते सांगतात. पण त्यांचं गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर येतं तेव्हा वाद्य दोघांच्याही समोर असतं. चाचा खुंटी दाखवतात, तार छेडतात, घोडीवर बोट ठेवतात. घोडी, जवारी, तरफ हे शब्द त्या गिऱ्हाइकाला आधीच माहीत, कारण तो सतार शिकलेला. उरलं पैसे, पॅकिंग, कधी पाठवणार. त्यासाठी पोरानं फोनमध्ये भाषांतराचं अॅप घालून दिलंय. चाचा हिंदीत बोलतात, फोन इंग्रजी बोलतो. आम्ही दोन महिन्यांत जे केलं त्यापेक्षा हे जास्त चालतं.

ज्याला थांबायला वेळ आहे आणि ज्याच्या हातात फोन धरता येतो, त्यानं हा वर्ग करू नये असं माझं मत झालंय. इमिग्रेशनच्या काउंटरवर, परीक्षेत, कारखान्यात हातात ग्लोव्हज असताना फोन काढता येत नाही. आपला वर्ग तेवढ्यासाठीच.

२० ऑगस्ट

कृष्णेचं पाणी चढतंय. वर्गाला येणारे निम्मेच, आणि आलेल्यांचंही लक्ष फोनवर. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी, हे सांगलीत पोरांनाही पाठ. २०१९चा पूर बघितलेल्या माणसाला आता व्याकरण सांगण्यात अर्थ नाही. म्हणून पाण्याचीच पातळी इंग्रजीत सांगायची ठरवली, आणि आकड्यांचं भांडं फुटलं.

अडतीस फुटांना काका म्हणाले ‘एटी थ्री’. मावशी म्हणाल्या, “देवा, मग मजल्यावर मजला पाण्यात जाईल.” हसलो सगळे, पण कारण सरळ आहे. मराठीत अडतीस म्हणताना आठ आधी येतात, तीस नंतर. इंग्रजीत उलट. ऐकतानाही तसंच : ‘थर्टी एट’ ऐकून लिहिताना हात आधी आठ लिहायला जातो. वीसच्या पुढं प्रत्येक आकड्याला हा गोंधळ. त्यात ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ कानाला एकच.

उपाय साधा निघाला. आकडे ऐकून तोंडानं मराठीत सांगायचे नाहीत, थेट फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाबायचे. मराठीतून गेलं की उलटं होतं, बोटानं दाबलं की होत नाही. रोज पाच मिनिटं. तेरा-तीसच्या बाबतीत मात्र शंका आली की एकेक आकडा विचारून घ्यायचा : “वन थ्री? ऑर थ्री झिरो?”

झिरोचा झ मराठी माणसाला आयता येतो, ‘झाड’मधला घ्यायचा. पी-टी-के मात्र आपण कोरडे म्हणतो. टेक्सासच्या मुलीनं कळवलं की काकांचं ‘पे’ तिकडच्या सहकाऱ्याला ‘बे’ ऐकू आलं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून, ती हलेपर्यंत फुंकर मारत प म्हणायचा. जमतंय, पण म्हणताना सगळ्यांना हसू येतं.

१२ सप्टेंबर

पाणी उतरलं, मग गणपती आले. संस्थानचा गणपती पाच दिवसांचा, पण घराघरांतले पाहुणे त्याहून जास्त दिवसांचे. वर्ग जवळजवळ महिनाभर खिळखिळा. परत जमल्यावर पाहिलं, निम्मं विसरलेलं.

टिकलं ते व्हॉइस मेसेजवरचं. सुट्टीत रोज रात्री मी एक प्रश्न पाठवायचे, अनोळखी आवाजातला, आणि त्यांनी बोलून उत्तर द्यायचं. मावशींची उत्तरं कुकरच्या शिट्टीसकट यायची. वहीत लिहून आणायचा गृहपाठ कुणीच करत नाही, लाजेखातर दुसऱ्याकडून करून आणतात. बोलून पाठवायचं असलं की करतात. फक्त फोन कुणाचा हे आधी विचारावं. मुलीचा फोन सासूबाईंकडं असतो हे मला आठवड्यानं कळलं, तोवर सासूबाईंनीच दोन उत्तरं पाठवली होती. बरी होती.

२६ सप्टेंबर

मुलगी परीक्षा देऊन आली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेली, सोबत सासरे आणि वहिनी. पास झाली. जोडीला आलेली बाई खरंच मधेच अडली, तेव्हा हिनं “अँड यू? व्हॉट डू यू लाइक?” विचारून तिला बोलतं केलं म्हणे. वहिनींनी हे पूर्ण वर्गाला दोनदा सांगितलं.

आता सगळा भर मावशी-काकांवर आणि वेल्डरवर.

७ ऑक्टोबर

वेल्डरचा करार आला, इंग्रजी आणि अरबीत. तो नववी पास, म्हणजे पासपोर्ट ‘ईसीआर’चा, दहावी पास नसलेल्यांना मिळतो तो. ओमानला नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते आणि करार दाखवावा लागतो. दोन तास फक्त करार वाचला. कारखान्याचे शब्द त्याच्याकडं आधीच होते : फ्लँज, एल्बो, गेज, इलेक्ट्रोड, ग्राइंडर, परमिट, ओव्हरटाइम. तिथं मला शिकवायला काही नाही. अडलं ‘बेसिक’, ‘अलाउन्स’ आणि ‘डिडक्शन’पाशी. म्हणजे कशावर ओव्हरटाइम मोजणार आणि कशातून पैसे कापणार, नेमकं तिथंच.

पगाराचा आकडा होता १४०.५००. तो खूश होऊन म्हणाला, “एक लाख चाळीस हजार पाचशे!” घरीही तसंच सांगून आला होता. ओमानी रियालचे हजार बैसा होतात, त्यामुळं टिंबानंतर तीन आकडे लिहितात. एकशे चाळीस रियाल आणि पाचशे बैसा. रुपयांत काय होतं ते काढून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला, मग म्हणाला, “तरी हिथल्यापेक्षा जास्तच हाय.” मी करारात आणखी काय विचारून घ्यायचं त्याची यादी करून दिली : राहणं कुणाचं, जेवण कुणाचं, तिकीट कुणाचं.

१४ ऑक्टोबर

इमिग्रेशनची रंगीत तालीम. टेबलामागं मी, भिंतीवर स्पीकर, खाली पट्टी आखून ‘इथं थांबा’. एकच गोष्ट पाच प्रकारे विचारतात हे रेकॉर्डिंगवरून कळलं होतं. ‘पर्पज ऑफ युवर व्हिजिट’ पाठ केलेल्या माणसाला ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर’ कळत नाही, ‘हू आर यू व्हिजिटिंग’ तर नाहीच. म्हणून उत्तर प्रश्नाला बांधलं नाही. कसंही विचारलं तरी : माय डॉटर, न्यू जर्सी, थ्री मंथ्स. परतीचं तिकीट तीन महिन्यांचं, तर तोंडातही तीनच यायला हवेत.

मग खाण्याचा प्रश्न. मावशींच्या बॅगेची यादी : भडंग, मेतकूट, डिंकाचे लाडू, आणि बाळंतिणीसाठी हळीव, एक किलो.

“एनी फूड?”

“नो,” मावशी ठामपणे.

“अहो, भडंग?”

“ते काय फूड हाय व्हय? ते खाऊ हाय.”

अमेरिकेत जाताना खाण्याचं जे काही असेल ते सांगावं लागतं. सांगितलं तर फार तर उघडून बघतात, नको ते काढून ठेवतात. लपवलं आणि सापडलं तर दंड. ताजी फळं, मांस, बिया यांच्यावर जास्त लक्ष, आणि हळीव म्हणजे बियाच. म्हणून “येस” म्हणायचं आणि इंग्रजीत लिहिलेली यादी पुढं करायची. हळीव घरी ठेवायला लावले, लेकीला तिकडच्या भारतीय दुकानात बघू दे. मावशी दोन दिवस नाराज होत्या.

तारखाही बघून घेतल्या. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ११/०४ म्हणजे ४ नोव्हेंबर, ११ एप्रिल नाही. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिकडं घ्यायची वेळ आली तर डबीवर हे दिसणार.

३ नोव्हेंबर

मावशींचा मेसेज आला, मराठीत, सहा मिनिटांचा. काउंटरवर अधिकाऱ्यानं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो “फर्स्ट टाइम?” हा. आमच्या यादीत नव्हता. मावशींनी “टाइम?” असं परत विचारलं, त्यानं एक बोट वर करून “अमेरिका, फर्स्ट टाइम?” म्हटलं, मग “येस”. किती दिवस, कुणाकडं, हे झालं. यादी त्यानं वाचली, भडंग म्हणजे काय ते विचारलं, काकांनी “राइस, स्पायसी” सांगितलं. भडंग पोचला.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बोटांचे ठसे घेताना “फोर फिंगर्स, राइट हँड”, मग “थंब”, मग “लुक अॅट द कॅमेरा”, हे सगळं पटापट. काकांनी पाचही बोटं ठेवली, दोनदा. मागची रांग थांबलेली बघून ते घामाघूम झाले. आम्ही प्रश्नोत्तरं एवढी घोटली आणि हुकूम एकही शिकवला नाही. हात वर करा, मागं सरका, बूट काढा, पट्टा काढा, इथं बघा, थांबा. याला तोंडानं उत्तर द्यायचंच नसतं, नुसतं करायचं असतं. नवख्या माणसाला शिकवायला सगळ्यांत सोपं हेच, पहिल्या आठवड्यातही झालं असतं.

वेल्डरचा मस्कतहून निरोप : कामावर हिंदीच चालते, फोरमन केरळचा. इंग्रजी लागली मेडिकलला आणि रोज सकाळच्या सेफ्टीच्या सूचनांना. म्हणजे तिथंही हुकूमच.

नवी बॅच १७ तारखेला. पाच नावं आलीत, त्यात तिघं दुबईचे. खोलीचं भाडं आता १८००, फी ६०० करतेय. दुपारचा वर्ग वहिनी घेणार आहेत, अर्ध्या फीवर. टेक्सासच्या मुलीला हुकमांची यादी काल पाठवली. तिच्या ऑफिसच्या इमारतीत एक सुरक्षारक्षक आहे, त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून मिळतात का ते ती बघतेय.